शेजाऱ्याच्या बंदुकीची चौकशी दारात आली, तर काय सांगायचं

मी पंधरा वर्षं पोलीस पाटील होते. राधानगरी तालुक्यात, भोगावतीच्या काठाला आमचं गाव. खाली ऊस, वर जंगल, त्यामुळं गवा आणि रानडुकराचा त्रास कायमचाच. शेतीसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना मागणारा एक-दोन वर्षांनी कुणीतरी निघायचाच. परवाना जिल्हाधिकारी देतात, पण शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 13 प्रमाणे त्याआधी जवळच्या पोलीस ठाण्याचा अहवाल मागवावा लागतो. मग बीट हवालदार मोटारसायकल घेऊन गावात येतात, पोलीस पाटलाला आणि आजूबाजूच्या दोन-चार घरांत विचारतात, "माणूस कसा आहे?"

या प्रश्नाचं उत्तर मी एकदा चुकीचं दिलं. म्हणून हे लिहिते आहे.

2010 सालची गोष्ट. नेमणूक होऊन दोनच वर्षं झाली होती. भावकीतल्याच एकानं बारा बोअरच्या बंदुकीसाठी अर्ज केला होता. हवालदारांनी चहा घेता घेता विचारलं आणि मी म्हटलं, "चांगला आहे. कुणाच्या अध्यात ना मध्यात." त्याची बायको त्याच वर्षात दोनदा रात्री माझ्या घरी पळून आली होती, एकदा ओठ फुटलेला. मला ते आठवत नव्हतं असं नाही. घरातलं घरात राहावं, एवढंच मनात आलं. चार वर्षांनी बांधावरून भांडण पेटलं आणि तो घरातून बंदूक घेऊन आला. ती रिकामी होती. काडतुसं त्याच्या बायकोनं आदल्या आठवड्यातच नाचणीच्या डब्यात, तळाला, कापडात बांधून लपवली होती. दुसऱ्या दिवशी तिनं तो डबा माझ्यासमोर परातीत उपडा केला. नाचणी सगळीकडं पसरली आणि मधोमध ती लाल पुडकी. पुढं परवाना रद्द झाला. पण त्या दिवशी माणसं वाचली ती त्या बाईच्या धोरणामुळं. माझ्या जबाबानं त्यांना मरणाच्या दारात नेलं होतं.

माझी लेक टेक्सासात सॅन अँटोनिओला असते. मे 2022 मध्ये तिथून कोल्हापूर-सातारा एवढ्या अंतरावरच्या उवाल्डी गावात एका अठरा वर्षांच्या पोरानं शाळेत शिरून 19 मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या. नात फोनवर सांगत होती, "आज्जी, आम्हाला शिकवलंय. दिवे घालवायचे, भिंतीला चिकटून बसायचं, शिंक आली तरी दाबायची." त्या रात्री मला झोप लागली नाही.

जावयानं मग तिथली पद्धत समजावली. दुकानात 4473 नंबरचा फॉर्म भरायचा, दुकानदार एफबीआयच्या, म्हणजे तिथल्या केंद्रीय तपास संस्थेच्या, यंत्रणेला विचारतो की या माणसाला बंदूक विकायची का, बहुतेकदा काही मिनिटांत होकार किंवा नकार येतो. अशी तपासणी लावणारा ब्रॅडी कायदा 1993 चा, ही संगणकाची यंत्रणा 1998 पासूनची. प्रत्येक मोठ्या गोळीबारानंतर तिथं तोच वाद उठतो. एक बाजू म्हणते, दुकानाबाहेर माणसानं माणसाला बंदूक विकली तर केंद्राच्या कायद्यानं तपासणी लागत नाही, ती लावा. 2012 साली सँडी हूकच्या शाळेतल्या गोळीबारात 20 लहान मुलं गेल्यावर तसं विधेयक आलं, पण एप्रिल 2013 मध्ये सिनेटमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहात, 54 मतं मिळूनही अडलं, कारण 60 लागत होती. दुसरी बाजू म्हणते, सँडी हूकच्या बंदुका तर गोळीबार करणाऱ्या पोराच्या आईनं रीतसर घेतलेल्या होत्या, उवाल्डीचा पोरगाही तपासणीत पास झाला होता, मग सरळमार्गी माणसाला त्रास कशाला? शिवाय सरकारकडं बंदूकवाल्यांची यादी तयार होईल, ही भीती त्यांना आहे.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं मी उडवून लावत नाही. पण दुसरे काही जण पास झाले कसे, तेही बघा. व्हर्जिनिया टेक विद्यापीठात 2007 साली 32 जणांना मारणाऱ्याला कोर्टानं आधीच मानसिक उपचारांचा आदेश दिला होता, तो यंत्रणेत पोचलाच नव्हता. सदरलँड स्प्रिंग्जच्या चर्चमध्ये 2017 ला गोळीबार करणाऱ्यानं बायकोला आणि तिच्या लहानग्याला मारहाण केल्याबद्दल हवाई दलात शिक्षा भोगली होती, पण हवाई दलानं ती कळवली नव्हती. ओठ फुटलेली बाई तिथंही होती, आणि कुणीतरी गप्प बसलं होतं. यावरून तपासणी बंद करा असं मला वाटत नाही. तिला खरं सांगणारी माणसं द्या, असं वाटतं. आपल्याकडं ती माणसं म्हणजे तुम्ही आणि मी.

तर हवालदार दारात आले की पहिली गोष्ट, "उद्या या" म्हणू नका. अहवाल मुदतीत गेला नाही तर जिल्हाधिकारी त्याच्याविना निर्णय घेऊ शकतात, कायद्यात तशी तरतूद आहे. अमेरिकेत चार्ल्सटनला 2015 साली नेमकं हेच झालं. तीन दिवसांत तपासणी पुरी झाली नाही म्हणून दुकानदारानं पिस्तूल देऊन टाकलं, आणि चर्चमध्ये नऊ माणसं गेली.

"चांगला", "वाईट", "तापट" हे शब्द वापरू नका, त्यांचा उपयोग होत नाही. जे डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं तेच सांगा, आणि शक्यतो कधी ते सांगा. "गेल्या दिवाळीत पाडव्याच्या रात्री दारू पिऊन भावावर कोयता उगारला, मी तिथं होते." एवढं एक वाक्य दहा विशेषणांना भारी आहे. ऐकीव असेल तर ऐकीव आहे असं म्हणा. कुणी मानसिक आजाराची औषधं घेत असेल तर त्याला वेडा ठरवून मोकळं होऊ नका. परवान्यासाठी डॉक्टरांचा दाखला लागतोच, ते काम त्यांचं. पण जीव द्यायची भाषा कुणी केली असेल, तर ते मात्र सांगाच.

घरातल्या बाईला वेगळं विचारायला सांगा. नवरा ओट्यावर बसलेला असताना ती काय बोलणार? मी नंतर नंतर हवालदारांना सांगायचे, "साहेब, तुम्ही याला घेऊन विहिरीकडची जागा बघून या, तोवर मी चहा टाकते," आणि चुलीपाशी तिच्याशी बोलायचे. घरात तरणी किंवा लहान पोरं किती, बंदूक कुलपात राहणार का, काडतुसं वेगळी ठेवणार का, हेही बघा. सँडी हूकची बंदूक आईची होती, हे विसरू नका.

तुमचा त्या माणसाशी बांधाचा, पाण्याचा किंवा ग्रामपंचायतीच्या गटातटाचा वाद असेल तर ते पहिल्याच वाक्यात सांगून टाका. सूड म्हणून खोटा जबाब देणं म्हणजे पुढच्या खऱ्या जबाबाचं वजन घालवणं. बंदूक मागणारा प्रत्येक जण वाईट नसतो. आमच्याच तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 ला पॅरिसमध्ये रायफलीतच कांस्यपदक आणलं, तेव्हा आम्ही चौकात साखर वाटली होती. गव्यानं रात्रीत अर्धा एकर ऊस तुडवलेला शेतकरीही खोटं बोलत नसतो. फक्त त्याला एवढं सांगून ठेवा की गव्यावर गोळी झाडायला वन्यजीव कायद्यानं बंदी आहे, परवाना मिळाला तरी.

जबाब लिहून झाला की शेवटी ओळ असते, "वरील जबाब वाचून पाहिला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे." खरंच वाचा. वाचता येत नसेल तर दुसऱ्याकडून मोठ्यानं वाचून घ्या. कोऱ्या कागदावर सही नाही, अंगठाही नाही. भावकीसमोर बोलायची भीती वाटत असेल तर ठाण्यात जाऊन अधिकाऱ्यांना एकटं भेटा.

परवाना मिळाल्यावर तुमचं काम संपत नाही. आता तो पाच वर्षांनी नूतनीकरणाला येतो, पण काही घडलं तर पाच वर्षं थांबू नका. शस्त्र अधिनियमाच्या कलम 17 प्रमाणे जिल्हाधिकारी परवाना मध्येच निलंबित किंवा रद्द करू शकतात, त्यांना लेखी कळवा. वरातीत हवेत बार काढणं हा 2019 पासून गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. धमकी चालू असेल तर आधी 112.

आणि परवानेवाला वारला तर बंदूक वारसाची होत नाही. आमच्याकडं एक पोरगा बापाच्या बाराव्यानंतर घोंगडीत गुंडाळलेली बंदूक घेऊन माझ्याकडं आला, "काकी, ही आता कुठं ठेवू?" आम्ही दोघं ठाण्यात गेलो आणि जमा केली. पावती मिळाली की तिच्यावर बंदुकीचा नंबर आणि काडतुसांची संख्या लिहिली आहे का, तेवढं तिथंच उभं राहून बघा. आमच्या पावतीवर काडतुसं दोन कमी लिहिली होती, परत मोजायला लावली.