महाबलीपुरम ते तंजावर: नव्या जोडप्याने आठ रात्रींची सहल कशी आखावी

या वाटेला पहिला निर्णय तारखेचा. आपल्याकडे तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात, आणि नेमका तेव्हाच तमिळनाडूच्या किनाऱ्यावर पाऊस कोसळत असतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिकडचा खरा पावसाळा. म्हणून लग्न त्या दिवसांतलं असेल तर सत्यनारायण, केळवणांचे राहिलेले हिशेब, माहेर-सासरची जेवणं निवांत उरका आणि जानेवारीच्या शेवटी नाहीतर फेब्रुवारीत निघा. जानेवारीच्या मध्यावरचे पोंगलचे दिवस टाळा, तेव्हा अख्खा तमिळनाडू गावी निघालेला असतो. मे महिन्यात बोहल्यावर चढलेल्यांनी मात्र हा बेत सरळ हिवाळ्यावर टाकावा. तंजावरच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी नाचत संसाराला सुरुवात कशाला?

मग तिकिटं. ओळखपत्रावर जे नाव आहे तेच तिकिटावर घाला. आमच्या वेळी नवऱ्याने मोठ्या कौतुकाने माझं नवं नाव टाकलं, आणि आधार कार्डावर मी अजून माहेरचीच. काउंटरवर तासभर गेला, पैसे गेले ते वेगळेच.

जाताना चेन्नईला उतरा, परतताना तिरुचिरापल्लीहून निघा. म्हणजे आलेल्या वाटेने मागे फिरावं लागत नाही. रात्री अशा वाटा: महाबलीपुरम दोन, पुदुच्चेरी तीन, तरंगंबाडी एक, तंजावर दोन. मधल्या प्रवासांना भाड्याची गाडी बरी, कारण कुठलाच टप्पा फार लांबचा नाही. आणि दोघांनी आधीच एक ठरवा: रोज एकच ठिकाण नक्की, बाकीचं मनात आलं तर. लग्न नवं असतं तेव्हा एकमेकांची चाल माहीत नसते. एकाला पाटीवरची प्रत्येक ओळ वाचायची असते, दुसऱ्याला अर्ध्या तासात नारळपाणी हवं असतं.

चेन्नई विमानतळावरून थेट महाबलीपुरम गाठा, शहरात अडकू नका. किनाऱ्याच्या रस्त्याने साधारण पन्नास-पंचावन्न किलोमीटर. कोकणातल्या सवयीने संध्याकाळी सूर्यास्ताला वाळूत जाऊन बसाल तर फसाल. इथे सूर्य समुद्रात बुडत नाही, समुद्रातून उगवतो. तेव्हा एक दिवस गजर लावा आणि पहाटेच किनाऱ्यावर या. पल्लवांनी आठव्या शतकात बांधलेलं किनाऱ्यावरचं देऊळ उघडल्या उघडल्या पाहिलं तर गर्दीही नसते आणि दगडावर तांबूस ऊन असतं. पाच रथ दुसऱ्या दिवशी सकाळी. रथ म्हणतात खरं, पण ती एकसंध खडकातून वरून खाली कोरत आणलेली देवळं आहेत. समुद्रात मात्र घोट्यापुढे उतरू नका, ओढ फार आहे.

पुदुच्चेरीत तीन रात्री द्या, कारण इथे काहीच न करणं जमतं. संध्याकाळी समुद्राकाठचा रस्ता वाहनांना बंद होतो आणि अख्खं गाव पायी फिरायला येतं. खोली फ्रेंच वस्तीत घ्या. पिवळ्या भिंती, बोगनवेल आणि रस्त्यांची नावं अजून फ्रेंच. १९५४ मध्ये फ्रेंचांनी कारभार सोडला, पण ब्रेड मागे ठेवून गेले. सकाळी बेकरीत जाऊन क्रोसाँ खाल्लं की ते पटतं.

त्यातला एक दिवस जिंजीला. सत्तरेक किलोमीटर आहे, सकाळी सहाला निघा. शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये दक्षिणेच्या मोहिमेत हा किल्ला घेतला. पुढे राजाराम महाराज रायगडाहून निसटून इथे आले आणि मुघलांच्या वेढ्यात राहून राज्य चालवलं. ते निघून गेल्यावर १६९८ मध्ये किल्ला पडला. २०२५ साली युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले, त्यांत महाराष्ट्राबाहेरचा एवढा एकच. किल्ल्यातल्या राजगिरी टेकडीची चढण दम काढते. नवरा वर गेला, मी खाली कल्याण महालाच्या सावलीत माकडांपासून केळी सांभाळत बसले, आणि दोघंही आपापल्या जागी खूश होतो.

पुढच्या टप्प्याला चिदंबरमचं देऊळ वाटेतच लागतं, पण बाराच्या आत पोचा. तिकडची देवळं दुपारी बंद होतात, ती थेट संध्याकाळी उघडतात. हा नियम सगळ्या सहलीभर लक्षात ठेवा: दुपार जेवणाची आणि झोपेची. केळीच्या पानावर जेवलात तर उठताना पान आपल्याकडे दुमडायचं.

तरंगंबाडी हे डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांचं गाव. तंजावरच्या नायक राजाशी करार करून त्यांनी १६२० मध्ये इथे किल्ला बांधला आणि १८४५ मध्ये सगळं इंग्रजांना विकलं. किल्ला, वेस, दोन-चार रस्ते, समुद्र. पाहायला दोन तास पुरतात. एक रात्र तरी राहा, लाटांच्या आवाजासाठी.

तंजावरच्या वाटेवर कुंभकोणमला कॉफीसाठी थांबा. पितळेचा पेला आणि बसकी वाटी येते. पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात असं उंचावरून दोन-तीनदा ओतायचं, मग प्यायचं. पहिल्यांदा सांडते. शर्ट गडद रंगाचा घाला.

तंजावरला पोचलात की बृहदीश्वराचं देऊळ संध्याकाळसाठी ठेवा. राजराज चोळाने हजार वर्षांपूर्वी बांधलेलं शिखर दोनशे फुटांहून उंच आहे, मावळतीला ते मधासारखं दिसतं. दुसऱ्या दिवशी राजवाडा आणि सरस्वती महाल ग्रंथालय. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांच्या घराण्याने इथे १८५५ पर्यंत राज्य केलं, आणि सरफोजीराजे दुसरे यांनी या ग्रंथालयाला नावारूपाला आणलं. तमिळ, संस्कृत पोथ्यांबरोबर मराठी हस्तलिखितं आणि मोडी कागदही आहेत. बाजारात मान डोलवणाऱ्या तंजावरी बाहुल्या मिळतात. सासूबाईंसाठी घेताना मात्र दोनदा विचार करा.

शेवटचं काम उजेड असताना करा. देवळात परत जा, गर्दी गाभाऱ्याकडे वळते तिकडे न जाता आवाराच्या नैऋत्य बाजूला चला. तिथे भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे, १८०३ सालचा, सरफोजीराजांनी करवून घेतलेला. चार दिवस एकही पाटी वाचता आलेली नसते, आणि अचानक दगड आपल्या भाषेत बोलायला लागतो. जुनं वळण आहे, अक्षरं एकमेकांना चिकटलेली; एकाला अडलं की दुसऱ्याला लागतं. आम्ही तीन ओळींत अर्धा तास घालवला, आणि पहारेकरी आवरा म्हणेपर्यंत चौथी ओळ अर्धीच झाली होती.