दोन लाख पळालेली डिझेल गाडी घेताना या चुका टाळा

रविवारी सकाळी फोन येतो. "दादा, गाडी बघितली, आवडली, पंचवीस हजार टोकन दिलं. आता एकदा तुम्ही बघून घ्या." टोकन दिल्यावर माणूस गाडी तपासायला येत नाही, तो ‘चांगली आहे’ एवढंच ऐकायला येतो. मी खोट दाखवली की त्याचं तोंड उतरतं आणि मग तोच मला समजावायला लागतो, जुन्या गाडीत एवढं चालायचंच. कराडला गॅरेज टाकून मला बावीस वर्षं झाली. हा फोन अजून थांबलेला नाही, म्हणून लिहितोय. आधी गाडी दाखवा, पैशाचं नंतर बोला.

मीटरचा आकडा बघून गाडी निवडणे

जुन्या गाड्यांच्या बाजारात सगळ्यात जास्त फसवणूक या एका आकड्यावर होते, कारण गिऱ्हाईक पहिला प्रश्न तोच विचारतं. "किती पळालीय?" लाखाच्या आत असेल तर बघायला जायचं, वर असेल तर फोन ठेवायचा. विकणाऱ्याला हे पाठ असतं. डिजिटल मीटर मागे करायला लॅपटॉप आणि अर्धा तास पुरतो.

जरा विचार करा. २०१२ च्या मे महिन्यात मुंबईत पेट्रोल ७८ रुपयांच्या घरात होतं आणि डिझेल ४५ च्या. लिटरमागे तीस रुपयांहून जास्त फरक. त्या काळात शोरूममध्ये लाखभर जादा मोजून डिझेल गाडी घेतली ती ज्याला रोज पळायचं होतं त्याने. औषध कंपनीचे एम.आर., ठेकेदार, रोज सातारा-पुणे करणारे. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा भाव सरकारने मोकळा केला, त्यानंतर हे गणित बदललं. मग २०१२-१३ ची डिझेल गाडी आज सत्तर हजार किलोमीटर दाखवत असेल तर ती कोणी घेतली, कशासाठी घेतली आणि कुठे उभी ठेवली, याचं उत्तर मागायलाच हवं. अशा गाड्या असतात, नाही असं नाही. पण शंभरजण विकायला काढतात त्या सगळ्या तशा नसतात.

पाटणकडचे एक गुरुजी २०२१ साली गाडी शोधत होते. दोन गाड्या समोर आल्या. मॉडेल एकच, साल २०१३. एक साताऱ्याच्या एका एम.आर.ची, पहिलाच मालक, मीटरवर १,९४,०००. पहिल्या सर्व्हिसपासूनची सगळी बिलं फायलीत लावलेली, क्लच कधी बदलला, नोझल (इंजिनात डिझेल फवारणारे) कधी तपासले, सगळं तारखेनिशी. दुसरी एका डीलरकडची. मीटर ८२,०००, नवे सीट कव्हर, बॉडीला पॉलिश. किंमत साठ हजारांनी जास्त. मी फाइलवाली घ्या म्हणालो. गुरुजी म्हणाले, "दोन लाख म्हणजे संपलीच की ती." त्यांनी दुसरी घेतली.

आठ महिन्यांनी ते गाडी घेऊन आले. पिकअप नाही, चढाला काळा धूर. मी एअर फिल्टरचा डबा उघडला. झाकणाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या मार्करने लिहिलं होतं: ११/१८, आणि खाली १,६८,४००. पूर्वीच्या कुठल्यातरी मेकॅनिकने फिल्टर बदलताना तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवले होते. आम्ही सगळेच लिहितो, ती आमची सवय आहे. मीटर मागे करणाऱ्याने डबा उघडून बघितला नव्हता. गुरुजींनी चष्मा पुसला आणि तो आकडा परत वाचला. नंतर बराच वेळ ते काही बोलले नाहीत. त्या गाडीला मी पुढे नोझल, टर्बो आणि क्लच असं एकेक काम केलं. साठ हजार जादा देऊन घेतलेल्या गाडीला आणखी नव्वद हजार लागले.

म्हणून माझी पद्धत अशी आहे. गाडीचा नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून जुनी नोंद काढायची. शेवटच्या नोंदीतले किलोमीटर आजच्या मीटरपेक्षा जास्त असतील तर तिथेच विषय संपला. नोंदच नसेल तर गाडी स्वतः बोलते. ब्रेक आणि क्लचच्या पेडलवरचं रबर बघा. गुळगुळीत असेल तर गाडी पळालेली आहे. कमी पळालेल्या गाडीला कोरं करकरीत रबर असेल तर ते का बदललं ते विचारा. ड्रायव्हरचा सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, रोज वापरलेल्या बेल्टच्या कडा दोरे सुटल्यासारख्या होतात. टायरवर चार आकडी शिक्का असतो, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. टायरचा एक संच साधारण चाळीस-पन्नास हजार चालतो. मीटरवर पंचेचाळीस हजार आणि टायर तिसऱ्यांदा बदललेले, असं जुळत नाही. आणि एअर फिल्टरचा डबा उघडा. चार क्लिपा असतात किंवा चार स्क्रू, दोन मिनिटांचं काम आहे.

पिवळ्या पाटीवरून पांढऱ्या पाटीवर आलेली गाडी ओळखायची असेल तर मागची सीट आणि मागच्या दारांची हँडल बघा. घरच्या गाडीत ड्रायव्हरची बाजू झिजते, टुरिस्टच्या गाडीत मागचीही. ॲक्सिलरेटरपाशी वायर कापून टेप गुंडाळलेली दिसली तर तिथे वेगनियंत्रक बसवलेला होता असं समजायचं. अशी गाडी वाईटच असते असं मी म्हणत नाही. सांगून विकली तर घ्यावी, लपवून विकली तर घेऊ नये.

गरम इंजिन चालू करून खूश होणे

तुम्ही येणार म्हटल्यावर गाडी धुवून, चालू करून, दारात लावून ठेवलेली असते. चावी फिरवली की अर्ध्या सेल्फला चालू. गिऱ्हाईक माझ्याकडे बघून मान हलवतं. गरम इंजिन चालू झालं यातून मला जवळपास काही कळत नाही. कंप्रेशन, म्हणजे इंजिनातला हवेचा दाब, उतरलेलं असेल, थंड इंजिन तापवणारे हीटर प्लग गेलेले असतील, तर ते थंड इंजिनलाच समजतं.

मी आदल्या रात्री फोन करतो, उद्या मी येईपर्यंत गाडीला हात लावू नका. सकाळी सातला पोचतो. आधी बॉनेटवर तळवा, मग रेडिएटरच्या वरच्या पाइपवर. कोमट लागला तर चहा घेऊन परत निघतो आणि दुसऱ्या दिवसाची वेळ ठरवतो. लोक म्हणतात इतकं कशाला. चार लाख रुपये देणार आहात, एक सकाळ जास्तीची द्या.

चावी ऑन करून थांबा. इंजिनचा, ऑइलचा, एबीएसचा, एअरबॅगचा असा प्रत्येक दिवा आधी लागला पाहिजे आणि मग विझला पाहिजे. जो दिवा लागतच नाही तो कोणीतरी बंद केलेला असतो. हीटरचा दिवा विझला की सेल्फ मारा. चांगलं इंजिन एक-दोन सेकंदांत धरतं. थंडीत क्षणभर पांढरा धूर चालतो. तो टिकला आणि कच्च्या डिझेलचा वास आला तर नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर थोडासा, तोही बीएस ६ च्या, म्हणजे एप्रिल २०२० च्या, आधीच्या गाडीला, मी चालवून घेतो. आरामात चालवतानाही येत असेल तर नोझल, टर्बो, ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) यातलं काहीतरी दुखतंय.

इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करा आणि तसंच वर ठेवा. थोडी वाफ येणारच. झाकण टणाटण उडायला लागलं आणि भसाभस धूर यायला लागला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, आमच्या भाषेत इंजिन ब्लो मारतंय. त्या गाडीचा भाव फुल इंजिनचं काम धरूनच बोलायचा. ऑइल काळं आहे म्हणून मात्र घाबरू नका. डिझेल इंजिनात नवं ऑइल काही शे किलोमीटरांतच काळं पडतं. मला उलट मधासारखं पिवळं ऑइल बघून शंका येते, ते काल-परवा बदललेलं असतं. जाड ऑइल ओतून धूर दाबायची युक्ती जुनी आहे.

याच्या उलट एक तपासणी गरम इंजिनची असते आणि ती जवळपास कोणीच करत नाही. गाडी तास-पाऊण तास चालवा, एसी लावून, चढ घेऊन. आमच्याकडे मी कुंभार्ली घाटापर्यंत नेतो. परत येऊन बंद करा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा सेल्फ मारा. नोझल झिजले असतील तर त्यांचा रिटर्न, म्हणजे टाकीकडे परत जाणारं डिझेल, वाढतो, गरम डिझेल पातळ होऊन आणखी गळतं, रेलमध्ये, म्हणजे नोझलना डिझेल देणाऱ्या नळीत, प्रेशर बनत नाही आणि सेल्फ फिरत राहतो. फियाटचं १.३ लिटर मल्टिजेट इंजिन घ्या. स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंटो या सगळ्या त्यावर चालल्या. त्यात हे प्रेशर १६०० बारपर्यंत जातं. एवढ्या दाबाखाली काम करणारा भाग भेसळीच्या डिझेलने आणि न बदललेल्या फिल्टरने लवकर मरतो. दीड लाख किलोमीटरच्या वरची गाडी असेल तर मी चारही नोझल पंप-नोझलवाल्याकडे तपासून घेतो. विकणारा काढू देत नसेल तर तेवढे पैसे भावातून कमी करून मागतो.

टायमिंग बेल्टचं न विचारणे

गेल्या पावसाळ्यात कुंभार्लीच्या चढावर एक गाडी बंद पडली आणि टो करून माझ्याकडे आली. नवरा-बायको आणि लहान मुलगी, चिपळूणला लग्नाला निघालेले. गाडी घेऊन अडीच महिने झाले होते. सेल्फ मारला तर इंजिन एकदम हलकं फिरत होतं, तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. कव्हर काढलं, टायमिंग बेल्टचे, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडबंद करणाऱ्या पट्ट्याचे, दात गेलेले. आत आठही व्हॉल्व्ह वाकले होते. विकणाऱ्याने त्यांना "चेनची गाडी आहे, काही बघायला लागत नाही" असं सांगितलं होतं आणि त्यांनी ते मान्य केलं होतं. त्या गाडीला बेल्ट होता आणि दीड लाख किलोमीटरांत तो एकदाही बदललेला नव्हता. हेडचं काम, बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर, वॉटर पंप मिळून पासष्ट हजार झाले. वेळेवर बदलला असता तर त्याच्या पाचव्या हिश्शात भागलं असतं. मुलगी दुपारभर माझ्या ऑफिसातल्या बाकड्यावर झोपली होती, लग्न चुकलं.

जुनी २.५ लिटर इनोव्हा, १.५ लिटर डस्टर, स्कोडा-फोक्सवॅगनची टीडीआय इंजिनं यांना बेल्ट असतो. १.३ मल्टिजेट आणि महिंद्राच्या २.२ एमहॉकला चेन. बेल्ट बदलल्याचं बिल दाखवलं नाही तर तो बदललेलाच नाही असं धरा आणि घेतल्या दिवशी वॉटर पंपासकट बदला. चेनवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. ऑइल उशिरा बदलत गेलं तर टेन्शनर ढिला पडतो आणि सकाळी चालू करताना खळखळ ऐकू येते.

रोजचा प्रवास दहा किलोमीटर आणि गाडी डिझेल

महिन्याला चारशे किलोमीटर पळणाऱ्याने डिझेल घेऊ नये, मी थेट सांगतो. पेट्रोल १०४ आणि डिझेल ९० रुपये धरा, ॲव्हरेज १५ आणि २०. महिन्याची बचत हजाराच्या आतच राहते. बीएस ६ ची गाडी असेल तर तिच्यात काजळी अडवणारा डीपीएफ असतो. तो साफ व्हायला गाडी लांब आणि वेगात पळावी लागते. गावातल्या गावात फिरवली की तो तुंबतो, डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवरची पातळी वाढत जाते. डीपीएफ कापून काढलेली गाडी कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, ते नियमात बसत नाही.

बाकीच्या चुका

इंजिन नुकतंच धुतलं असेल तर दोन दिवसांनी परत जाऊन बघा, गळती तोवर दिसायला लागते.

स्कॅनर गाडी पळवून आणल्यावर लावा, आधी नाही. आधी बिघाडाचे कोड पुसलेले असतात. पुसल्यापासून किती किलोमीटर झाले तेही बऱ्याच गाड्यांत वाचता येतं.

चढावर चौथ्या गिअरला पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. इंजिन ओरडलं आणि गाडी पुढे गेली नाही तर क्लच संपला.

कूलंटच्या बाटलीत तेलाचा तवंग दिसला तर भाव करत बसू नका, निघा.

चेसिस आणि इंजिनचा नंबर स्वतःच्या डोळ्यांनी आरसीशी ताडून बघा. कर्ज असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५, नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. थकलेली ई-चलन विकणाऱ्याकडून भरून घ्या, विमा चौदा दिवसांत नावावर करायला अर्ज द्या.

दहा वर्षांवरच्या डिझेलवर दिल्लीत बंधनं आली तेव्हापासून तिकडच्या गाड्या इकडे स्वस्त मिळतात. एनओसी, इथला टॅक्स, पुन्हा नोंदणी आणि आरटीओच्या चकरा धरल्या की त्यातला स्वस्तपणा बराच जातो.

मोबाइलवरचा दोनशे मुद्द्यांचा तपासणी अहवाल हातात आहे म्हणून मेकॅनिक नको, असं हल्ली पोरं म्हणतात. चाळीस मिनिटांत बरोबरच्या खुणा करत गेलेल्या माणसाने थंड इंजिन बघितलेलं नसतं. पहिली गाडी घेणारा तिसरी गाडी बघून कंटाळतो आणि चौथी घेऊन टाकतो. मी माझ्या घरची गाडी पाच महिने शोधली होती.

आणि हातात चार लाख असतील तर सव्वातीनची गाडी घ्या. उरलेले पंचाहत्तर हजार गाडीचेच आहेत. घेतल्याबरोबर सगळी ऑइलं, चारही फिल्टर, कूलंट आणि असेल तर बेल्ट बदला.

त्या एम.आर.ची १,९४,००० वाली गाडी शेवटी उंब्रजच्या एका दूधवाल्याने घेतली. तो दर दहा हजाराला ऑइल बदलायला माझ्याकडेच येतो. गेल्या महिन्यात एअर फिल्टर टाकला आणि झाकणाच्या आत मार्करने लिहिलं: २,७१,६००.