बाळाचं मशिन बिघडलंय? आधी हे बघा, या चुका टाळा

'वॉर्मर (नवजात बाळाला हीटरने ऊब देणारं मशिन) बिघडला' म्हणून इंजिनिअरला फोन जातो, तेव्हा पुष्कळदा वॉर्मर ठणठणीत असतो आणि प्रोब निसटलेला असतो. बाळाच्या पोटावर चिकटवलेला हा इवलासा सेन्सर सुटून गादीवर पडला की मशिनला बाळ गार लागतं, हीटर पूर्ण जोरात चालतो आणि बाळ तापतं. तोच प्रोब बाळाच्या अंगाखाली दबला तर गरम राहतो, हीटर थंडावतो आणि बाळ गार पडतं. तेलकट कातडीवर टेप टिकत नाही, आणि आजीबाई तर तेलाची बाटली पिशवीत घेऊनच दवाखान्यात येतात! जागा पुसून कोरडी करा, मग टेप लावा. काखेतलं तापमान अधूनमधून थर्मामीटरने बघा, ते 36.5 ते 37.5 अंश सेल्सिअस हवं. अलार्म कटकट करतो म्हणून म्यूट करू नका. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पंखा फुल सोडायचा मोह होतो, पण त्याचा झोत वॉर्मरवर नको.

बबल सीपॅपचं, म्हणजे नाकावाटे सतत दाबाने हवा देऊन बाळाला श्वास घ्यायला मदत करणाऱ्या मशिनचं, तत्त्व साधं आहे: नळीचं टोक बाटलीतल्या पाण्यात 5 सेंटिमीटर बुडालं की साधारण तेवढ्याच पाण्याचा दाब. टेक्सासच्या राइस विद्यापीठात तयार झालेल्या आणि मलावीत वापरल्या गेलेल्या 'पुमानी' या बबल सीपॅपचा सुरुवातीचा नमुना तर मत्स्यालयाच्या पंपांवर चालायचा. बुडबुडे थांबले की बाटलीपासून बाळापर्यंत नळी तपासत जा: सैल जोड, लहान मापाचे प्रॉन्ग (नाकपुड्यांत बसणाऱ्या छोट्या नळ्या), बाळाचं उघडं तोंड. मात्र नाक चोंदलेलं असलं तरी बुडबुडे येत राहतात, म्हणून बाळाची छाती आणि ऑक्सिमीटर बघितल्याशिवाय निश्चिंत होऊ नका. नळीतली वाफ गार होऊन तिचं पाणी बाटलीत उतरलं की पातळी वाढते, दाबही वाढतो. हवा दमट करणाऱ्या ह्युमिडिफायरमध्ये डिस्टिल्ड वॉटरच घाला. आपल्याकडचं बोअरचं जड पाणी घातलं तर क्षार साचून आतला भाग पांढरा पडतो.

फोटोथेरपीत, म्हणजे काविळीसाठी बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात तेव्हा, आई मायेने बाळावर दुपटं टाकते. प्रकाश कातडीवर पडलाच नाही तर कावीळ उतरणार कशी? डोळे झाका, लंगोट लहान ठेवा, बाकी अंग उघडं. जुनी ट्यूब निळी दिसली तरी तिचा जोर उतरलेला असू शकतो. प्रकाशाचा जोर मोजणाऱ्या फ्लक्स मीटरनेच ते कळतं. दिव्यावरची धूळही पुसा.

वॉर्मर छोट्या इन्व्हर्टरवर टाकू नका, हीटरचा लोड त्याला झेपत नाही. लाइट गेली आणि बाळ स्थिर असलं, तर आईच्या उघड्या छातीवर ठेवून वरून पांघरूण घाला.

अम्बू बॅग (हाताने दाबून बाळाला श्वास देण्याची पिशवी) मात्र प्रसूतीआधीच तपासा. मास्क तळहातावर घट्ट धरून बॅग दाबा. हाताला दाब लागला नाही, तर व्हॉल्व्ह उलटा बसलाय का, बॅगला चीर आहे का ते बघा, आणि दुसरी बॅग जवळ ठेवा.