ख्रिस्ती साहित्य शिबिरात बोलायला उभे राहताना

श्रद्धा, लेखन आणि मैत्री या तिन्ही विषयांना एकाच भाषणात हात घालू नये. एखादे नाते निवडावे आणि त्यातूनच बाकीचे उलगडू द्यावे. उदाहरणार्थ, अहमदनगरला रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या घरी राहिलेले तरुण बालकवी घ्यावेत: यजमान ख्रिस्ती, पाहुणा हिंदू, दुवा कवितेचा, आणि त्या सहवासाच्या आठवणी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त वाचायला मिळतात. त्यातला एकच प्रसंग मोठ्याने वाचून दाखवावा, पानात खुणेची चिठ्ठी आधीच घालून ठेवावी (ऐन वेळी पाने चाळत बसलेल्या वक्त्याकडे कोणाचेच लक्ष राहत नाही), आणि मगच स्वतःच्या लेखनाकडे वळावे. प्रवचनाचा सूर मात्र टाळावा. ते रविवारी होतेच. वेळ 40 मिनिटांची असेल, तर 25 मिनिटांत थांबून उरलेला वेळ प्रश्नांना द्यावा.