जुन्या विमानाला नवा लाकडी प्रोपेलर आणि स्पिनर कसा बसवावा

हिंदुस्थान एअरक्राफ्टचे, म्हणजे आजच्या एचएएलचे, पुष्पक १९५८ साली पहिल्यांदा उडाले आणि पुढे देशातल्या फ्लाइंग क्लबांमध्ये एका पिढीचे हात त्याच्यावर बसले. अशा जुन्या, हलक्या, एका इंजिनाच्या विमानाला लाकडी प्रोपेलर आणि त्याच्या मध्यावरची निमुळती धातूची टोपी, म्हणजे स्पिनर, बदलून बसवायचा असेल, तर काय करावे हे मी येथे लिहितो. हे काम डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, परवाना असलेल्या अभियंत्यानेच करावे किंवा त्याच्या देखरेखीखाली व्हावे, आणि शेवटी सही त्याचीच असावी, हे वेगळे सांगायला नको. नवा प्रोपेलर त्या विमानासाठी आणि त्या इंजिनासाठी मान्य असलेल्याच मॉडेलचा आहे, आणि त्याच्यासोबत त्याचे प्रमाणपत्र आले आहे, हे पाहिल्याशिवाय खोका उघडण्यातही अर्थ नाही.

मॅग्नेटोचा, म्हणजे स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या यंत्राचा, स्विच बंद असला तरी प्रोपेलर जिवंत आहे असेच समजावे, कारण स्विचपासून मॅग्नेटोकडे जाणारी अर्थिंगची तार तुटलेली असेल तर बंद स्विचला काही अर्थ राहत नाही. चाकांना अडसर लावावेत, शेपूट बांधावी, आणि प्रत्येक सिलिंडरचा एकेक स्पार्क प्लग काढून ठेवावा. त्याने इंजिन हाताने हलके फिरते. जुना प्रोपेलर उतरवणे हे दहा मिनिटांचे काम आहे.

त्यानंतर फ्लॅंज, म्हणजे क्रॅंकशाफ्टच्या (इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या) टोकाची चकती, जिच्यावर प्रोपेलर बसतो, ती स्वच्छ करावी. रंगाचे पोपडे, जुना गंज, भोकांच्या कडांवर उठलेली धातूची कोर, काहीही राहू देऊ नये. स्पिनरची बॅकप्लेट, म्हणजे तो ज्या मागच्या तबकडीला स्क्रूने लागतो ती, फ्लॅंज आणि प्रोपेलर यांच्या मध्ये बसत असेल, तर तिची आठवण याच टप्प्यावर व्हायला हवी. प्रोपेलर घट्ट करून झाल्यावर बॅकप्लेट टेबलावर पडलेली दिसणे हा अनुभव मी एकदा घेतला आहे. बॅकप्लेटच्या जाडीने बोल्टची लागणारी लांबीही बदलते. बोल्ट लांब असला तर तो तळाला टेकतो. आवळण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, मोजणारा पाना योग्य आकडा दाखवतो, पण प्रोपेलर मात्र दाबलेला नसतो. म्हणून प्रत्येक बोल्ट आधी मोकळा फिरवून किती आत जातो ते मोजावे.

चार सिलिंडरच्या इंजिनावर प्रोपेलर कोणत्या स्थितीत लावायचा, हे मॅन्युअलमध्ये दिलेले असते. हाताने चालू करायच्या विमानात, समोरून पाहिले असता, कॉम्प्रेशन लागते, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाने फिरवणे जड होते, तेव्हा पाती घड्याळातल्या दहा आणि चार या स्थितीत असाव्यात. त्याने हात उंचावरून सहज खाली ओढता येतो.

आता खरे काम, ज्यात मी स्वतः एक प्रोपेलर वाया घालवला आहे: बोल्ट आवळणे.

हँगरमध्ये मिळणारा सर्वांत वाईट सल्ला म्हणजे, "थोडा जास्तच घट्ट कर, म्हणजे सुटणार नाही." इंजिनाची ताकद बोल्टांच्या अंगातून जात नाही, ती मुख्यतः फ्लॅंज आणि लाकूड यांच्यातल्या घर्षणातून जाते, आणि बोल्टांचे काम तो दाब राखण्याचे असते. दाब कमी पडला तर प्रत्येक स्फोटाबरोबर प्रोपेलर फ्लॅंजवर किंचित सरकतो, घासतो, तापतो, लाकूड काळे पडते, भोके लांबट होतात, आणि पुढे बोल्टही तुटू शकतात. दाब जास्त झाला तर लाकडाचे तंतू चिरडले जातात, आणि चिरडलेले लाकूड पुन्हा फुगून पूर्वीसारखे होत नाही. धातूच्या प्रोपेलरचा टॉर्क लाकडी प्रोपेलरला लावू नये. आकडा त्या प्रोपेलरच्या उत्पादकाच्या कागदावरचाच घ्यावा. तो आकडा इंच-पाउंडात आहे की फूट-पाउंडात, हे दोनदा वाचावे, कारण दोघांमध्ये बारापटीचा फरक आहे. तो कोरड्या आट्यांसाठी आहे की तेल लावलेल्या, तेही पाहावे. पान्याच्या टोकाला जोड लावून तो वापरायचा असेल, तर जोड पान्याच्या दांड्याशी काटकोनात ठेवावी. सरळ लांब केली तर दाखवलेला आकडा खोटा होतो.

बोल्टच्या डोक्यांखाली धातूची दाबपट्टी अवश्य असावी. बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी, चार-पाच टप्प्यांत आवळावेत, आणि प्रत्येक टप्प्यात एकाही बोल्टला इतरांच्या पुढे जाऊ देऊ नये. शेवटी सेफ्टी वायर, म्हणजे बोल्ट सुटू नयेत म्हणून त्यांच्या डोक्यांतून ओवायची तार, बांधावी, पण ट्रॅकिंग, म्हणजे दोन्ही पात्यांची टोके एकाच पातळीत फिरतात का, हे तपासल्याशिवाय नव्हे.

माझी चूक मात्र आवळण्याच्या दिवशी झाली नव्हती. ऑगस्टमध्ये, भर पावसाळ्यात, इंदूरच्या बिजासन टेकडीशेजारच्या विमानतळावर मी एका विमानाला नवा लाकडी प्रोपेलर बसवला. आकडा बरोबर होता, पहिल्या उड्डाणानंतर आणि २५ तासांनंतर तपासणीही केली. नियमाप्रमाणे पुढची तपासणी ५० तासांनी करायची होती, पण त्यानंतर विमान फारसे उडाले नाही, त्यामुळे तास भरलेच नाहीत. एप्रिलमध्ये दुसऱ्याच कामासाठी स्पिनर काढला, तर बोल्ट जवळजवळ पाव फेरा फिरल्यावर कुठे पाना आकड्याला आला. प्रोपेलर काढला, तेव्हा मागच्या बाजूस करपलेल्या पोळीसारखा काळपट गोल डाग होता. तो पुन्हा वापरण्याजोगा राहिला नव्हता.

कारण सोपे आहे. श्रावणातली दमट हवा लाकडाला फुगवते, आणि चैत्र-वैशाखात माळव्याची कोरडी हवा ते आकसवते. इंदूरमध्ये हा फरक एवढा मोठा असतो की फक्त तासांवर विसंबून राहणे पुरत नाही. मी आता दर वर्षी तीन तपासण्या ठरवून करतो: होळीनंतर, पाऊस चांगला लागल्यावर आणि दिवाळीच्या सुमारास. पावसाळ्यातली तपासणी आवळण्यासाठी नसते. फुगलेल्या लाकडाचा दाब वाढलेला असतो, म्हणून बोल्ट सैल करून पुन्हा आकड्यावर आणावा लागतो. कोणत्याही ऋतूत, घट्ट बोल्टवर पाना नुसता टेकवून "लागला आहे" म्हणू नये. प्रथम सैल करावा, मग आवळावा, कारण थांबलेल्या बोल्टची अडखळ पान्याला फसवते.

ट्रॅकिंगसाठी एक जड ठोकळा पात्याच्या टोकाजवळ ठेवून खूण करावी आणि दुसरे पाते त्याच जागी आणून फरक मोजावा. लाकडी प्रोपेलरला १/८ इंच, म्हणजे साधारण ३ मिलिमीटर, एवढाच फरक चालतो. जास्त आला तर एका बाजूचे बोल्ट पिळून तो सरळ करणारे लोक मला माहीत आहेत. असे करू नये. प्रोपेलर काढून, १८० अंश फिरवून पुन्हा लावावा. पुन्हा तेच पाते पुढे आले तर दोष प्रोपेलरमध्ये आहे. दुसरे पाते पुढे आले तर फ्लॅंजवर घाण आहे किंवा फ्लॅंज वाकला आहे. वाकला असेल, तर पूर्वी कधीतरी प्रोपेलर जमिनीला लागलेला असण्याची शक्यता धरावी, आणि क्रॅंकशाफ्टची तपासणी होईपर्यंत पुढे जाऊ नये.

स्पिनरला लोक शोभेची टोपी समजतात. तिची कड पात्यांना कुठेही टेकू नये, कारण लाकूड हालते आणि धातू त्यात चर पाडतो. स्क्रू हातानेच लावावेत, प्रत्येकाखाली मान्य वॉशर द्यावा, आणि सगळे जरा जरा आवळून मग पुरे करावेत. नंतर टोकासमोर एक काडी स्थिर धरून प्रोपेलर हाताने फिरवावा. टोक डुलत असेल तर सैल करून पुन्हा बसवावे. जुन्या बॅकप्लेटला स्क्रूच्या भोकाजवळ भेग असेल, तर भेगेच्या टोकाला भोक पाडून वेळ मारून नेणे मला मान्य नाही. ती बदलावी.

प्लग परत लावून इंजिन चालवावे, आणि पूर्ण थ्रॉटलवर उभ्या विमानाचे आरपीएम, म्हणजे मिनिटाला होणारे फेरे, मान्य मर्यादेत येतात का ते पाहावे. इंजिन थंड झाल्यावर टॉर्क पुन्हा तपासावा आणि लॉगबुकात नोंद करावी. विमान उभे करताना पाती आडवी ठेवावीत. उभी राहिली तर ओल खालच्या पात्यात उतरून संतुलन बिघडते. लॉगबुकातल्या नोंदीखालीच मी पुढच्या तपासणीचा ऋतू लिहून ठेवतो, म्हणजे विमान उडाले नाही तरी तपासणी चुकत नाही.