गावातील सीबीजी प्रकल्पासाठी हवेची संमती कशी मिळवावी

शेण, धानाचे तणस, सोयाबीनचे कुटार आणि नेपियर गवत यांपासून कॉम्प्रेस्ड बायोगॅस, म्हणजे सीबीजी, तयार करण्याचा विचार विदर्भातील अनेक शेतकरी उत्पादक कंपन्या करीत आहेत. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘सतत’ योजना सुरू केली आणि तेल कंपन्यांनी हा गॅस विकत घेण्याची वाट मोकळी झाली. घरामागच्या दोन-चार घनमीटरच्या गोबरगॅससाठी हे लेखन नाही. गॅस शुद्ध करून, दाबाखाली भरून विकणारा प्रकल्प कायद्याच्या दृष्टीने उद्योग असतो, आणि हवा प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, १९८१ याच्या कलम २१ प्रमाणे त्याला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची पूर्वसंमती लागते. ही संमती दोन टप्प्यांत मिळते. बांधकामाला हात लावण्यापूर्वी स्थापनेची संमती घ्यावी लागते आणि यंत्रे बसल्यावर, पण उत्पादन सुरू होण्यापूर्वी, चालवण्याची संमती घ्यावी लागते.

आधी जागा पाहावी आणि मगच विसार द्यावा. सातबारा स्वच्छ आहे, रस्ता आहे, पाणी आहे, एवढ्यावर जागा पक्की करणे योग्य नाही. विदर्भात पावसाळ्यात वारा प्रामुख्याने नैऋत्य-पश्चिमेकडून वाहतो, तर हिवाळ्यात तो बहुधा उत्तर-ईशान्येकडून येतो. त्यामुळे जुलैमध्ये पाहून ‘गाव वाऱ्याच्या उलट बाजूला आहे’ असे समाधान मानले, तर डिसेंबरमध्ये तेच गाव वाऱ्याखाली आलेले असते. शिवाय हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची थंड हवा वर उठत नाही, म्हणून वास पहाटेपर्यंत वस्तीवर बसून राहतो. गावठाण, शाळा, अंगणवाडी, पाण्याची विहीर आणि जवळचे वन यांची अंतरे स्वतः मोजून नकाशावर लिहावीत. ताडोबा, पेंच किंवा मेळघाट यांच्या आसपास जागा असेल तर पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राची हद्द आधी तपासावी, कारण तेथे निर्बंध वेगळे असतात. चंद्रपूर परिसराची नोंद २००९ च्या सर्वेक्षणात देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांमध्ये झाली होती. अशा भागात मंडळ अटी अधिक कडक ठेवते, हे गृहीत धरूनच खर्चाचा अंदाज करावा.

अकृषक परवानगी, ग्रामपंचायतीचे ना-हरकत पत्र, कंपनीची नोंदणी आणि जागेचा आराखडा ही कागदपत्रे नेहमीचीच आहेत. मंडळाचे शुल्क भांडवली गुंतवणुकीवर ठरते, म्हणून जमीन, इमारत आणि यंत्रसामग्री यांचा खर्च दाखवणारा सनदी लेखापालाचा दाखला जोडावा लागतो. अर्ज मंडळाच्या ऑनलाइन पोर्टलवर भरायचा असतो आणि छाननी प्रादेशिक किंवा उपप्रादेशिक कार्यालयातून होते. विदर्भात मंडळाची प्रादेशिक कार्यालये नागपूर, अमरावती आणि चंद्रपूर येथे आहेत. उद्योगांची लाल, नारिंगी, हिरवी अशी वर्गवारी प्रदूषण निर्देशांकावरून ठरते आणि ती वेळोवेळी सुधारली जाते. प्रकल्पाचा प्रवर्ग कच्च्या मालावरही अवलंबून असू शकतो, म्हणून अर्जाच्या दिवशी लागू असलेली यादी पाहूनच रकाना भरावा आणि शेजारच्या तालुक्यातील प्रकल्पाचा जुना अर्ज उतरवून काढू नये.

अर्जाचा गाभा मात्र उत्सर्जनाच्या तपशिलात आहे, आणि बहुतेक अर्ज येथेच उणे पडतात, असे माझे मत आहे. अर्जदार प्रकल्प सुरळीत चालू असल्याच्या दिवसाचे चित्र रंगवतो आणि बंद पडल्याच्या दिवसाबद्दल काहीच लिहीत नाही. वीज गेली, कॉम्प्रेसर बिघडला किंवा गॅस न्यायला गाडी आली नाही, तरी टाकीतील जिवाणू आपले काम थांबवत नाहीत आणि गॅस तयार होतच राहतो. तो साठवण-फुग्यात मावेनासा झाला की सुरक्षा झडपेतून थेट हवेत जातो. या गॅसचा मुख्य घटक असलेला मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवणारा वायू आहे आणि हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्के झाले की ठिणगीने स्फोट होतो. म्हणून पूर्ण उत्पादन जाळू शकेल एवढ्या क्षमतेचा फ्लेअर (जादा गॅस जाळून टाकणारे उपकरण), त्याची आपोआप पेटणारी यंत्रणा आणि वीज नसताना ती कशावर चालेल हे अर्जात स्पष्ट लिहावे. साठवण-फुगा किती तास पुरेल याचा आकडाही द्यावा. मे महिन्यात तापमान ४५ अंशांवर जाते तेव्हा फुग्यातील गॅस प्रसरण पावतो, हेही त्या हिशेबात धरावे.

दुसरा महत्त्वाचा वायू हायड्रोजन सल्फाइड. त्याचा हिशेब कागदावर मांडणे कठीण नाही. एक टन ताज्या शेणापासून साधारण ४० घनमीटर बायोगॅस मिळतो, म्हणजे रोज २५ टन शेण घालणाऱ्या प्रकल्पात १,००० घनमीटर गॅस तयार होईल. त्यात हायड्रोजन सल्फाइड दर दशलक्ष भागांत २,००० असेल, तर रोज २ घनमीटर, म्हणजे सुमारे २.८ किलो, हा वायू येतो. तो तसाच फ्लेअरमध्ये किंवा इंजिनात जाळला तर त्यापासून रोज सुमारे ५.२ किलो सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो. आधी शुद्धीकरण करून प्रमाण २०० वर आणले तर हाच आकडा अर्ध्या किलोच्या आसपास येतो. असा हिशेब आपल्या कच्च्या मालाच्या प्रयोगशाळा-अहवालावरून करून जोडावा. तो वाचल्यावर अधिकाऱ्याला शुद्धीकरण यंत्रणा फ्लेअरच्या आधी आहे की नंतर, हा प्रश्न विचारावा लागत नाही. विक्रीच्या सीबीजीसाठी आयएस १६०८७ या मानकाप्रमाणे मिथेन किमान ९० टक्के असावा लागतो, आणि तो वेगळा काढताना उरलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या प्रवाहाबरोबर थोडा मिथेनही निसटतो. ही निसटही अर्जात नोंदवावी, लपवू नये.

हायड्रोजन सल्फाइड काढण्यासाठी लोह-ऑक्साइडच्या थरातून गॅस नेण्याची पद्धत स्वस्त आहे आणि लहान प्रकल्पांना परवडते. मात्र वापरून झालेला थर उघड्या हवेत काढला की आपोआप तापतो आणि पेटही घेऊ शकतो, म्हणून तो ओला ठेवून, सावलीत, कुटाराच्या गंजीपासून दूर साठवण्याची पद्धत लिहून द्यावी. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्यामुळे खड्ड्यात साचतो आणि दर दशलक्ष भागांत १०० च्या आसपास प्रमाण गेले की नाकाला त्याचा वास येणेच थांबते. शेण कालवण्याच्या हौदात माणूस उतरवण्यापूर्वी वायूमापक वापरण्याचा नियम कामगारांना मराठीत लिहून भिंतीवर लावावा. संमतीच्या अटींत हे असो वा नसो, या बाबतीत तडजोड करू नये.

डिझेल जनरेटर असेल तर त्याच्या धुराड्याची उंची सूत्राने काढतात. इमारतीच्या उंचीत जनरेटरच्या केव्हीए क्षमतेच्या वर्गमूळाची ०.२ पट मिळवायची. १०० केव्हीएच्या संचाला छतापासून २ मीटर आणि २५ केव्हीएच्या संचाला १ मीटर उंची पुरते. १ जुलै २०२३ पासून नव्या जनरेटर संचांना अधिक कडक उत्सर्जन मानके लागू आहेत, त्यामुळे स्वस्तात मिळतो म्हणून जुना संच घेऊ नये. गॅस इंजिनाच्या धुराड्यावर नमुना घेण्याचे छिद्र, चढायला पक्की शिडी आणि उभे राहायला कठडा असलेला मंच बांधकामाच्या वेळीच करून घ्यावा. हे नंतर करायला गेल्यास धुराडे कापावे लागते.

कच्च्या मालाची साठवण पत्र्याखाली ठेवावी आणि येण्याजाण्याचा रस्ता पक्का करावा. पऱ्हाटीचा विचार करणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की तिच्यातील लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा घटक, जिवाणूंना सहज पचत नाही. पूर्वप्रक्रियेशिवाय ती घातली तर गॅस कमी मिळतो आणि न पचलेला माल मागे साचत राहतो. द्रव स्लरीचा प्रश्न जल अधिनियमाखाली येतो आणि त्याची माहिती त्याच एकत्रित अर्जात भरावी लागते.

गॅस दाबाखाली भरण्यासाठी पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेची, म्हणजे पेसोची, स्वतंत्र मंजुरी लागते. तिचे मुख्यालय नागपुरातच आहे, ही आपल्या भागातील अर्जदारांची सोय आहे. दोन्हीकडे दिलेला जागेचा आराखडा एकच असावा. फ्लेअर एका नकाशात पूर्वेला आणि दुसऱ्यात उत्तरेला असेल, तर दोन्ही अर्ज अडतात.

अर्ज मिळाल्यापासून चार महिन्यांत मंडळाने लेखी निर्णय द्यावा, असे कलम २१ सांगते. त्रुटी कळवल्या गेल्या तर फोनवर उत्तर देऊन थांबू नये, पोर्टलवर कागद जोडून पोच ठेवावी. नकार आला किंवा एखादी अट अन्याय्य वाटली, तर आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत कलम ३१ खाली अपील करता येते. स्थापनेची संमती हाती आल्यावर प्रत्येक अटीपुढे जबाबदार व्यक्ती आणि तारीख लिहून तक्ता करावा, कारण चालवण्याच्या संमतीसाठी तपासणीला येणारा अधिकारी त्याच अटी एकेक करून पाहतो. बँक हमी मागितली असेल तर तिची मुदत संपण्याआधी नूतनीकरण करावे.

प्रकल्प सुरू झाल्यावर फ्लेअर किती तास जळला, वीज किती वेळ नव्हती आणि शुद्धीकरणानंतर हायड्रोजन सल्फाइड किती होता, याची रोजची वही ठेवावी. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून ठरलेल्या मुदतीत हवेचे नमुने तपासून घ्यावेत. संमतीधारकाने आर्थिक वर्षाचे पर्यावरण विवरण दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत मंडळाला द्यायचे असते, आणि वही नीट ठेवली असेल तर ते एका बैठकीत भरून होते. त्याची एक प्रत ग्रामपंचायतीच्या सूचना फलकावर लावावी.