मांडीच्या व्यायामाला करंटची जोड: ईएमएस यंत्र जपून कसे वापरावे

गुडघेदुखीसाठी फिजिओथेरपिस्टकडे जाऊन ‘करंट घेतलेल्या’ अनेकांना टेन्स आणि ईएमएस ही दोन्ही यंत्रे एकच वाटतात, कारण पेटी तशीच, वायरी तशाच आणि चिकटणारे पॅडही तसेच असतात. टेन्सचा करंट संवेदना वाहून नेणाऱ्या नसांसाठी असतो आणि त्याचे काम वेदना कमी करणे हे आहे. ईएमएसचा करंट स्नायूंना हलवणाऱ्या नसांना चेतवतो आणि स्नायू खरोखर आवळतो. काही यंत्रांत दोन्ही सोयी असतात, म्हणून सुरुवात करण्यापूर्वी पडद्यावर कोणता प्रोग्रॅम निवडला आहे ते पाहावे.

हृदयात पेसमेकर किंवा तत्सम यंत्र असेल, गर्भारपण असेल, अपस्मार असेल किंवा पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाल्याची शंका असेल, तर हे यंत्र वापरू नये. कर्करोग असल्यास किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नये. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांनी विशेष सावध राहावे, कारण त्वचा भाजत असली तरी त्यांना ते कळत नाही. गळ्याच्या पुढच्या बाजूला, डोक्यावर, छातीवर आणि जखमेवर पॅड कधीही लावू नयेत.

आपण इच्छेने स्नायू आवळतो तेव्हा मेंदू आधी लहान आणि चिवट तंतूंना कामाला लावतो, मोठ्या तंतूंची पाळी नंतर येते, आणि तंतू आलटून पालटून विश्रांती घेतात. करंट असा क्रम पाळत नाही. पॅडखालच्या भागातील तेच तंतू तो एकाच वेळी आणि पुन्हा पुन्हा जुंपतो. म्हणून दहा मिनिटांत, घामही न येता, स्नायू चांगलाच थकतो. बसल्या बसल्या पोट कमी करण्याचे आमिष दाखवणाऱ्या पट्ट्यांच्या जाहिरातींवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2002 साली कारवाई केली होती. करंटने चरबी वितळत नाही. गुडघ्याच्या अस्थिबंधाच्या शस्त्रक्रियेनंतर मांडीचा पुढचा स्नायू सुकतो आणि मनात असूनही नीट आवळता येत नाही. अशा वेळी मात्र या यंत्राचा उपयोग चांगला होतो, आणि तो फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच करावा. निरोगी माणसाने याला नेहमीच्या बैठकांची जोड समजावे, पर्याय नव्हे.

मांडीसाठी एक पॅड गुडघ्याच्या वर, आतल्या बाजूला जो फुगवटा दिसतो त्यावर लावावा आणि दुसरा मांडीच्या वरच्या भागात, किंचित बाहेरच्या बाजूला. त्वचा आधी साबणाने धुऊन कोरडी करावी. अंघोळीनंतर खोबरेल तेल लावण्याची सवय असेल, तर त्या दिवशी ते मांडीला लावू नये. तेलामुळे पॅड कडेने सुटतो, करंट उरलेल्या लहान जागेत एकवटतो आणि तिथे सुईसारखे टोचते. माझ्या पहिल्या प्रयत्नात हेच झाले, आणि मी यंत्रालाच दोष देत बसलो होतो. केस आड येत असतील तर ते कात्रीने कापावेत. वस्तरा नको, कारण नुकत्याच तासलेल्या त्वचेवर आग होते. पॅड बोटभर सरकवण्यानेही बराच फरक पडतो: तेवढ्याच करंटवर जिथे स्नायू अधिक ठळकपणे उचलला जातो, ती जागा पेनाने खूण करून ठेवावी. पॅड हलवताना किंवा काढताना यंत्र दर वेळी बंद करावे.

गुडघा सरळ ठेवून करंट वाढवल्यास गोळा येण्याची शक्यता असते, म्हणून खुर्चीवर बसून गुडघा सुमारे 60 अंशांत वाकवावा आणि नडगी एखाद्या जड पलंगाच्या कडेला, मध्ये घडी घातलेला टॉवेल ठेवून, टेकवावी. ताकदीसाठी 50 ते 80 हर्ट्झ (सेकंदाला करंटचे इतके ठोके) आणि प्रत्येक ठोक्याची लांबी 300 ते 400 मायक्रोसेकंद हा पल्ला बहुधा पुरतो. सोव्हिएत संशोधक याकोव्ह कॉट्स यांची 1970च्या दशकातील 10 सेकंद आकुंचन, 50 सेकंद विश्रांती आणि एकूण 10 आवर्तने ही पद्धत आजही सोयीची आहे. ती लांबलेली विश्रांती कंटाळवाणी वाटते, पण ती कापू नये. करंट येताच स्वतःही नडगी टॉवेलवर दाबावी. नुसते बसून राहिल्यास लाभ कमी मिळतो. दोन-तीन आवर्तनांनंतर मुंग्यांची सवय होते, तेव्हा करंट एकेक पायरीने वाढवावा. आकुंचन जोरदार हवे, पण श्वास रोखून दात आवळावे लागतील इतके नको.

पहिल्या आठवड्यात मात्र मुद्दाम हात आखडता घ्यावा: पाच आवर्तने, मध्यम करंट आणि दोन सत्रांत किमान दोन दिवसांचे अंतर. पुढे आठवड्यातून दोन-तीन सत्रे पुरेशी होतात. अंगभर इलेक्ट्रोड असलेला सूट घालून जिममध्ये दिल्या जाणाऱ्या सत्रांत ही खबरदारी अधिकच लागते, कारण तिथे अनेक मोठे स्नायू एकदम जुंपले जातात. सुरुवातीचे दोन-अडीच महिने आठवड्यातून एकच सत्र घ्यावे, तेही 20 मिनिटांपेक्षा कमी आणि पाणी भरपूर पिऊन. पहिल्याच दिवशी पूर्ण जोर लावणाऱ्यांचे स्नायुतंतू फुटून त्यातील द्रव्ये रक्तात उतरल्याची आणि मूत्रपिंडांवर ताण आल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. याची लक्षणे सत्र संपताच दिसतीलच असे नाही. ती एक-दोन दिवसांनीही उमटतात. स्नायू सुजून टणक झाला, जिना चढताना पाय उचलेनासा झाला किंवा लघवी कोऱ्या चहासारखी गडद दिसली, तर मालिश किंवा वेदनाशामक गोळ्या यांत वेळ न घालवता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि ईएमएस घेतल्याचे आपणहून सांगावे, म्हणजे डॉक्टर रक्तातील क्रिएटिन कायनेज (स्नायू फुटल्यावर रक्तात वाढणारे द्रव्य) आणि मूत्रपिंडांची तपासणी लगेच करून घेतील.